सायकल चालवा, पण रस्ता निवडून

मधुमेह, रक्तदाब किंवा वाढते वजन घेऊन आलेल्या माणसाला आम्ही डॉक्टर ‘सायकल चालवा’ असे सांगतो. सल्ला योग्यच आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. रोज पंचवीस मिनिटे सायकल चालवली तर तो भरून निघतो, शिवाय गुडघ्यांवर शरीराचा भारही येत नाही. पण पेशंटचा पुढचा प्रश्न रास्त असतो : ‘चालवू कुठे?’

सायकलींचे शहर म्हणून मिरवलेल्या पुण्यात याचे उत्तर सोपे असायला हवे होते. बीआरटीबरोबर सातारा रस्त्यावर सायकल ट्रॅक आले. २०१७ मध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. प्रत्यक्षात ट्रॅकवर कुठे गाड्या लावलेल्या दिसतात, कुठे टपऱ्या, तर कुठे ट्रॅक मध्येच संपतो.

तोवर जवळचा रस्ता शोधू नका, कमी वेगाचा शोधा. वाहनाचा वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. म्हणून शनिवार पेठेतली अरुंद गल्ली मोठ्या रस्त्यापेक्षा बरी. तिथे सांभाळायचे ते मोटारीच्या अचानक उघडणाऱ्या दाराला. लावलेल्या गाड्यांपासून हातभर लांब राहा.

सुरुवातीला सकाळी सहाची ही फेरी करून पाहा. ओंकारेश्वराजवळून शिंदे पूल ओलांडा, बालगंधर्व रंगमंदिरापाशी डावीकडे वळा, जंगली महाराज रस्त्याने झाडांखालून डेक्कनला या आणि झेड ब्रिजवरून परत पेठेत. मुठा दोनदा ओलांडली जाते आणि अर्ध्या तासात दोन फेऱ्या सहज होतात. पॅडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीट उंच ठेवा. अंधारात पुढे पांढरा, मागे लाल दिवा हवाच. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर लगेच थांबा. हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

हेल्मेट घालाच, मेंदूची इजा त्याने बरीच टळते. पण हेल्मेट धडक थांबवत नाही. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर चारशेहून अधिक मुले दगावली, तेव्हा पालक रस्त्यावर उतरले. पुढे तिथे वेगळे सायकलमार्ग झाले, वस्त्यांतला वेग उतरला. आज तिथले बहुतेक लोक हेल्मेटशिवाय निर्धास्त सायकल चालवतात. जिथे माणसे आणि वाहने एकत्र वावरतात तिथे वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटर असावी, असे २०२०च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यानेही म्हटले आहे.

पेठांमध्ये ही मर्यादा लावायला फारसा खर्च नाही. फलक, गतिरोधक आणि अंमलबजावणी एवढेच लागते. असलेले ट्रॅक मोकळे करायला तर नवा आराखडाही नको. आपल्या नगरसेवकाकडे या दोन मागण्या घेऊन जा. व्यायामाला निघालेला माणूस अपघात विभागात पोहोचू नये, यासाठी औषधाची अर्धी चिठ्ठी महापालिकेच्या नावाने लिहावी लागते.