गोळी गिळली, पुढे काय?

पाण्याच्या घोटाबरोबर गोळी घशाखाली उतरली, की औषध घेऊन झाले असे आपण समजतो. खरे काम त्यानंतर सुरू होते. पोटात गोळी फुगते, फुटते, तिचे बारीक कण होतात आणि ते तिथल्या रसात विरघळतात. असे विरघळलेले औषधच मुख्यतः लहान आतड्याच्या अस्तरातून रक्तात शिरते. न विरघळलेला भाग, मग तो कितीही महागाचा असो, शौचावाटे बाहेर पडतो.

गुणकारी औषधही या एका पायरीवर कसे अडते, याचे उदाहरण म्हणजे आर्टेमिसिनिन. हिवतापावरचे हे औषध तू यूयू यांच्या गटाने १९७२ मध्ये चीनमध्ये एका वनस्पतीपासून वेगळे केले. त्याबद्दल त्यांना २०१५ चे नोबेल मिळाले. पण ते मोठे हट्टी! ना पाण्यात नीट विरघळे, ना तेलात. शिवाय हिवताप मेंदूत भिनला की रोगी बेशुद्ध होतो. त्याला गोळी द्यायची कशी? आणि जे विरघळतच नाही, त्याचे इंजेक्शन तरी कसे करायचे?

लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने यावर काम केले. १९५१ साली नबाबांच्या छत्तर मंझिल या वाड्यात सुरू झालेली ही संस्था. औषधी वनस्पतींवर संशोधन करणारी 'सीमॅप' ही लखनौचीच संस्था जोडीला होती. मूळ रेणूत थोडा बदल करून तेलात विरघळणारे आर्टीथर तयार झाले आणि १९९७ मध्ये 'ई-मल' या नावाने बाजारात आले. स्नायूत टोचलेल्या तेलातून औषध सावकाश रक्तात उतरते, म्हणून दिवसाला एक अशी तीन इंजेक्शने पुरतात. अर्थात सावकाशपणाचा तोटाही आहे. म्हणूनच गंभीर हिवतापात आता पहिली पसंती शिरेतून देता येणाऱ्या आर्टेसुनेटला असते.

इतक्या खटपटीने ठरवलेला वेग आपण घरी मात्र खलबत्त्यात कुटून टाकतो! आजोबांना गिळवत नाही म्हणून गोळी कुटून मधातून दिली जाते. ती दिवसभर हळूहळू विरघळणारी असेल, तर दिवसाचे औषध एकदम अंगात जाते. काही गोळ्यांवरचे आवरण जठरातल्या आम्लात टिकून पुढे आतड्यात विरघळेल असे असते. कुटल्यावर ते उरतच नाही. गिळताना त्रास होत असेल तर डॉक्टरांना तसे सांगावे. पुष्कळदा तेच औषध पातळ स्वरूपात किंवा पाण्यात विरघळणाऱ्या गोळीच्या रूपात मिळते.