न लिहिलेले वाचताना

आमच्या सावनेरला मराठी वाचक ओळखतो तो एका मृत्यूमुळे. २३ जानेवारी १९१९ रोजी राम गणेश गडकरी येथे वारले. वय अवघे ३३. ‘राजसंन्यास’ अपुरे राहिले. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलेले त्यांना पाहता आले नाही. अशा गावातही ‘मराठी घेऊन पुढं काय करणार?’ हा प्रश्न मला विचारला गेला होता, आणि आजच्या मुलामुलींनाही तो चुकलेला नाही.

आमचे प्राध्यापक ‘एकच प्याला’ शिकवताना म्हणाले होते, ‘‘सिंधू काय बोलते ते गाइडात मिळेल. ती काय बोलत नाही, ते एका पानात लिहून आणा.’’ माझे पान तीनदा परत आले. चौथ्यांदा त्यांनी निम्म्या ओळी खोडल्या आणि उरलेले ठेवून घेतले.

पुढे मी बँकेत लागलो. संत्र्याच्या एका बागायतदाराचा मुदतवाढीचा अर्ज आला : ‘बहार आल्यावर हप्ता भरतो.’ मी शेरा मारला, ‘मोघम’, आणि अर्ज फेटाळला. काही महिन्यांनी तो दिसला तेव्हा सहज विचारले, ‘‘कोणता बहार?’’ ‘‘आंबिया, साहेब. मागचा गारपिटीत गेला ना.’’ हे अर्जात का लिहिले नाही? ‘‘रडगाणं कशाला लिहायचं?’’ तोवर त्याची बैलजोडी विकली गेली होती.

त्या एका ओळीत बागेचे सगळे वर्ष होते. आंबिया फुलतो जानेवारी-फेब्रुवारीत, पैसा हाती येतो दिवाळीच्या सुमारास. गारपिटीचा उल्लेख मात्र त्याने स्वाभिमानापोटी गाळला होता. सिंधूचे मौन वाचायला शिकलेला मी, टेबलापलीकडच्या माणसाचे मौन वाचू शकलो नाही. वर्गातली विद्या वर्गातच ठेवून आलो होतो. त्यानंतर निवृत्तीपर्यंत, अर्जदाराला एक प्रश्न विचारल्याशिवाय ‘मोघम’ हा शेरा मी लिहिला नाही.

साहित्याच्या वर्गाने लेखक किती दिले, असा हिशेब आपण मांडतो. तो हिशेबच चुकीचा आहे. त्या वर्गातले बहुतेक जण उद्या तलाठी, शिक्षक, कारकून होतील. त्यांच्यापुढे रोज कुणाचा तरी अर्ज येईल. तो त्यांना वाचता येईल का, एवढेच विचारावे.