चरबी काढताना

जुन्या मॅकवर खटपट करणाऱ्यांना एक हौस हमखास असते, प्रोग्रॅमची चरबी काढायची. माझी गेल्या शनिवारची दुपार त्यातच गेली.

‘चरबी’ हा शब्द माझा नाही. मार्च १९९४मध्ये ॲपलने पहिले पॉवर मॅकिंटॉश आणले आणि मोटोरोलाच्या ६८००० घराण्यातल्या चिपांची जागा पॉवरपीसीने घ्यायला सुरुवात केली. दोघींची यंत्रभाषा वेगळी. जुनं गिऱ्हाईक तुटू नये म्हणून सॉफ्टवेअरवाले एकाच फाइलमध्ये दोन्ही भाषांतला कोड भरू लागले. अशा फाइलला म्हणायचे ‘फॅट बायनरी’. मिक्सरसोबत दहा भाषांतली माहितीपुस्तिका येते, आपण त्यातली चार पानं वाचतो आणि सगळी जपून ठेवतो, तशातली गत. फरक इतकाच की पॉवर मॅक ६१००मध्ये तेव्हा १६० मेगाबाइटचीही डिस्क यायची. तिथे न वाचलेली पानं ठेवणं परवडायचं नाही.

मग कात्रीवाली युटिलिटी सॉफ्टवेअरं आली. त्यांचं काम तसं सोपं होतं, कारण मॅकच्या फाइलला दोन कप्पे असायचे. जुन्या चिपचा कोड रिसोर्स फोर्कमध्ये, नव्या चिपचा डेटा फोर्कमध्ये. त्या त्या कप्प्यातला नको तो कोड काढला की झालं. गंमत म्हणजे नवा कोड बहुधा जास्त जाड. पॉवरपीसीची प्रत्येक सूचना चार बाइटची, तर ६८०००च्या कितीतरी सूचना दोन बाइटांत आटपतात. म्हणजे कात्रीचा जास्त फायदा जुन्या, गरीब मशीनवाल्याला.

चुकीची शिक्षा मात्र सारखी नव्हती. पॉवर मॅकच्या रॉममध्ये जुन्या चिपची नक्कल करणारा एम्युलेटर होता. त्यामुळे तिथे चुकून नवाच कोड कापला, तरी प्रोग्रॅम बहुधा चालायचा, फक्त रखडत. मालक दोष द्यायचा मशीनला! उलट जुन्या मॅकवर ६८०००चा कोड उडाला की प्रोग्रॅम ठार.

माझं भांडण कात्रीशी नाही, एकुलत्या एका प्रतीवर ती चालवणाऱ्यांशी आहे. जुन्या स्कझी डिस्कच्या जागी आता एसडी कार्ड बसवता येतं, म्हणजे जागेची अडचण कधीच संपली. तरी हात शिवशिवतात. आणि छाटलेली प्रत पुढे कुणाच्या जुन्या मशीनवर गेली, की कापलेला अर्धा भाग आणायचा कुठून? कंपनी बुडालेली, फ्लॉपीला बुरशी लागलेली. ‘नको असलेला’ कोड म्हणताना कुणाला नको, हे कुणी विचारतच नाही.

शनिवारी मी ६१००च्या मूळ डिस्कवरचे सगळे प्रोग्रॅम छाटले. बरीच जागा सुटली, मन प्रसन्न झालं. मूळ फाइली त्याआधी ३२ गिगाबाइटच्या कार्डावर उतरवून घेतल्या होत्या. सगळ्या मावल्या, कार्डाचा कोपराही भरला नाही.

– खटपट्या