रडीचा डाव कोणाचा?

शालेय क्रीडास्पर्धांच्या उद्घाटनात एक शब्द हमखास कानी पडतो : खिलाडूवृत्ती. नारळ फुटतो, पाहुणे मैदानाला हात जोडतात, आणि रांगेत उभ्या असलेल्या मुलामुलींना सांगितले जाते की हारजीत महत्त्वाची नाही, खिलाडूवृत्तीने खेळा. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात हे भाषण पावसाळ्याच्या सुमारास ऐकू येते, कारण तालुका पातळीवरच्या स्पर्धा साधारणतः तेव्हाच सुरू होतात. पिंपळनेर, दहिवेल, निजामपूर अशा बाजूंनी संघ येतात. त्यांत मोठ्या गावांतल्या माध्यमिक शाळांचे असतात, तसेच पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यातल्या आश्रमशाळांचेही. भाषण सर्वांना सारखेच लागू असते. मात्र त्या शब्दाचा मैदानावरचा अर्थ शोधू गेल्यास तो फार आखूड निघतो : पंचांशी हुज्जत घालू नये, हरल्यावर चेहरा पाडू नये, आणि झाले गेले विसरून जावे.

या अपेक्षा चुकीच्या आहेत असे मला म्हणायचे नाही. म्हणायचे आहे ते इतकेच की त्या एकतर्फी आहेत. आणि एकतर्फी खिलाडूवृत्ती ही खिलाडूवृत्ती नसते, ती नुसती आज्ञाधारकता असते. वर्तनाचे सगळे नियम पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसाठी, आणि त्यांना मैदानावर आणणाऱ्या मोठ्यांसाठी मात्र फक्त सत्काराची शाल, अशी ही वाटणी आहे.

भाषेच्या अभ्यासकांना एक गोष्ट सहज पटेल. 'खिलाडूवृत्ती' हा शब्द व्यासपीठावरचा आणि निबंधाच्या वहीतला आहे. मुलांची स्वतःची क्रीडानीती त्या शब्दात नाही. ती 'रडीचा डाव खडी' या टोमण्यात आहे, 'चिडका बिब्बा' या विशेषणात आहे, 'कच्चं लिंबू' या सवलतीत आहे. गल्लीतल्या खेळात धाकट्या भावंडाला कच्चं लिंबू म्हणून घेतात. ते बाद झाले तरी मोजत नाहीत. दुर्बळाला खेळात जागा कशी द्यायची, याचे इतके नेमके उत्तर कोणत्याही नियमपुस्तिकेत नसेल. ज्याच्यावर 'राज्य' येते त्याच्याकडे सत्ता येत नाही, इतरांमागे धावण्याचे काम येते. 'टाइमप्लीज' म्हटले की धावणारा थांबतो. हे सगळे पंचाविना चालते. जो रडीचा डाव खेळतो त्याला शिक्षा करणारा कोणी अधिकारी नसतो. दुसऱ्या दिवशी त्याला भिडू मिळत नाही, एवढेच. या व्यवस्थेत भांडणाला मज्जाव नाही. उलट भांडण हा तिचा भागच आहे : आधी वाद होतो, मग सगळ्यांना पटेल असा तोडगा निघतो, आणि डाव पुन्हा सुरू होतो.

मूल शाळेच्या संघात गेले की ही भाषा गळून पडते. तेथे वादाची जागा पंचाचा निर्णय घेतो, आणि ते आवश्यकही आहे. तरीसुद्धा खेळाडूच्या स्वतःच्या सचोटीवाचून चालत नाही. कबड्डीचेच उदाहरण घ्यावे. चढाई करणाऱ्याने 'कबड्डी'चा उच्चार एका दमात, स्पष्ट आणि अखंड केला पाहिजे. मैदानाभोवती मुलांचा गलका चालू असताना दम मध्येच चोरला की नाही, हे पंचाला दर वेळी कळेलच असे नाही. चढाई करणाऱ्याला मात्र ते नक्की कळते. बचाव करणाऱ्याच्या दंडाला बोट निसटते लागले की नाही, हेही त्या दोघांनाच ठाऊक असते. २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डीत अशा प्रसंगी कॅमेऱ्याचा आधार घेता येतो. तालुक्याच्या मैदानावर कॅमेरा नसतो. तेथे स्पर्श झालेला खेळाडू आपणहून हात वर करून बाहेर जातो तेव्हाच खेळ खरा होतो. ही अपेक्षा विद्यार्थ्याकडून अवश्य करावी, आणि तिच्यात सूट देऊ नये. प्रतिस्पर्ध्याला शिवी देणे, मुद्दाम दुखापत करणे, हरल्यावर हात न मिळवणे, यांनाही मुलांच्या वयाची सबब पुरेशी नाही.

मात्र हात वर करायला शिकवणाऱ्याने आपला हात आधी वर केलेला असावा लागतो. शालेय स्पर्धांतील खरा पहिला डाव मैदानावर होत नाही, तो प्रवेशअर्जावर होतो. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे तीन वयोगट असतात, आणि खेळाडू त्या वयाचा व त्या शाळेचा आहे, हे शाळा सही-शिक्क्यानिशी सांगते. जन्मतारखेचा इतिहास आपल्याकडे गुंतागुंतीचा आहे. ग्रामीण महाराष्ट्रात १ जून ही जणू सामुदायिक जन्मतारीख आहे. घरी जन्मलेल्या, कोठेही नोंद नसलेल्या मुलाला शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजाने वर्ष धरले आणि १ जून लिहून टाकले, असे कित्येक पिढ्या घडत आले. ती तारीख खोटी असली तरी तिच्यात कपट नव्हते. मूल शाळेत यावे, हाच हेतू होता. साक्रीच्या पश्चिम भागातून ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांचे शिक्षण मध्येच तुटते, ती वयाने मोठी होऊन खालच्या इयत्तेत परततात. तेथेही कोणाचे कपट नसते. परंतु चषकासाठी धरलेली तारीख निराळी, आणि सामन्यापुरता पटावर आणलेला खेळाडू निराळा. येथे खोटे बोलणारा विद्यार्थी नसतो. त्याच्या नावावर खोटे बोलणारे मोठे असतात, आणि तो ते पाहत असतो.

हे का होते, हे कळायला फार खोल जावे लागत नाही. तालुक्यातून जिल्हा, जिल्ह्यातून नाशिक विभाग, तेथून राज्य आणि मग राष्ट्रीय स्पर्धा, अशी ही शिडी आहे. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना वाढीव गुण मिळतात; शासकीय सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. कोरडवाहू शेतीच्या तालुक्यात या दोन गोष्टींचे मोल शहरात बसून नीट कळणार नाही. या सवलती योग्यच आहेत. पण त्यांच्यामुळे प्रमाणपत्र हा खेळाहून मोठा ऐवज झाला. बनावट क्रीडा प्रमाणपत्रे जोडून सरकारी नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणे गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात उघडकीस आली, ती आकाशातून पडली नाहीत. प्रवेशअर्जावरची लहानशी 'तडजोड' आणि ते बनावट प्रमाणपत्र यांत फरक केवळ रकमेचा आहे. आणि सांघिक खेळांत सामने बहुधा बाद पद्धतीचे असल्यामुळे प्रामाणिक संघाचे वर्ष एका अप्रामाणिक सामन्यात संपते. वयोमर्यादेच्या काठावर असलेल्या मुलीला पुढचे वर्ष मिळत नाही. 'हारजीत महत्त्वाची नाही' हे वाक्य तिला कोणत्या तोंडाने ऐकवायचे?

या ठिकाणी एकलव्याची आठवण होणे अपरिहार्य आहे, आणि साक्रीत तर अधिकच. खानदेशातील भिल्ल समाज एकलव्याला आपला मानतो. आदिपर्वातली कथा आपण मुलांना गुरुभक्तीची म्हणून सांगतो. पण खेळाच्या दृष्टीने ती वाचली तर काय दिसते? आपल्यापेक्षा सरस धनुर्धर निघाल्याचे अर्जुन द्रोणांना खाजगीत सांगतो, त्यांच्या वचनाची आठवण करून देतो. आणि ज्याला आपण कधी शिकवलेच नाही त्याच्याकडे गुरू अंगठा मागतात. स्पर्धेचा निकाल स्पर्धेबाहेर ठरतो. एकलव्य प्रसन्न मुखाने अंगठा कापून देतो. आपल्या भाषणांतली खिलाडूवृत्ती नेमकी हीच आहे : अन्याय झाला तरी मुद्रा प्रसन्न ठेवणे. शासनाने १९६१ साली खेळाडूंसाठी पुरस्कार सुरू केला तो अर्जुनाच्या नावाने, १९८५ साली प्रशिक्षकांसाठी सुरू केला तो द्रोणाचार्यांच्या नावाने. खो-खोच्या राष्ट्रीय स्पर्धेतील सर्वोत्तम पुरुष खेळाडूला मात्र 'एकलव्य' पुरस्कार दिला जातो, ही आपल्या मातीतल्या खेळाने केलेली थोडीशी भरपाई म्हणायची. पुरस्कारांची नावे बदलावीत असा माझा आग्रह नाही. आदर्श विद्यार्थ्याचे चित्र आपण कोणत्या कथेतून उचलले, हे ओळखले तरी पुरे.

अंगठ्याच्या दुसऱ्या टोकाला लाथ आहे. २०२५च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरी स्पर्धेत पृथ्वीराज मोहोळविरुद्धच्या कुस्तीचा निकाल अमान्य असल्याने, त्याआधी दोनदा हा किताब मिळवलेल्या शिवराज राक्षेने पंचांची कॉलर धरली आणि त्यांना लाथ मारली. पाठ टेकली होती की नव्हती, यावर राज्यभर चर्चा झाली; राक्षेला तीन वर्षांसाठी निलंबित करण्यात आले. निर्णय चुकला असला तरी लाथेचे समर्थन होत नाही, आणि लाथ मारली म्हणून निर्णय आपोआप बरोबर ठरत नाही. ही दोन वाक्ये एका दमात म्हणता येणे, हीच खिलाडूवृत्तीची परीक्षा आहे. त्या वेळी बहुतेकांनी त्यांतले एकच वाक्य निवडले.

अंगठा आणि लाथ यांच्यामध्ये एक तिसरी वाट आहे, आणि तीही मराठी मातीतच सापडते. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्यात क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशीच्या भाषणांत त्यांची गरिबी आणि जिद्द येते, प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून उभे केलेले पैसेही येतात. पण त्यांच्या चरित्रातील एक प्रसंग पुरेशा ठळकपणे सांगितला जात नाही. निवडीच्या वेळी आपल्याला पक्षपाताने एका गुणाने मागे ठेवले असे वाटल्यावर ते गप्प बसले नाहीत, त्यांनी आरडाओरडही केली नाही. पतियाळाच्या महाराजांकडे त्यांनी दाद मागितली, फेरकुस्ती मिळवली आणि ती जिंकली. जाधवांनी त्या दिवशी 'खिलाडूवृत्ती' दाखवून घरची वाट धरली असती, तर आज क्रीडा दिनाला वेगळी तारीख शोधावी लागली असती. दाद मागणे हा रडीचा डाव नव्हे. ऐकून घेणारा कोणीच नसताना निमूट राहा म्हणणे, हा रडीचा डाव आहे.

बहुतेक स्पर्धांच्या नियमांत लेखी आक्षेपाची तरतूद असते. ती ठराविक मुदतीत, अनामत रक्कम भरून, संघव्यवस्थापकाने वापरायची असते. म्हणजे ती शिक्षकाच्या हाती असते, विद्यार्थ्याच्या नव्हे. आणि तालुका पातळीवर पंच अनेकदा शेजारच्याच शाळेतले शिक्षक असतात. उद्या प्रशिक्षणात, परवा परीक्षेच्या केंद्रावर त्यांची गाठ पडायची असते. साहजिकच शिक्षकाला भीड पडते, आणि ती भीड मुलांपर्यंत पोचते ती 'जाऊ द्या रे' या शब्दांत. आपल्या भिडेची किंमत मुलांनी चुकवावी आणि तिला वृत्ती म्हणावे, हे बरे नाही.

यावर आक्षेप येईल : मुलांना तक्रारीची मुभा दिली तर प्रत्येक सामन्याची कचेरी होईल. ही भीती अगदीच निराधार नाही. म्हणून सामना संपेपर्यंत पंचांचा निर्णय अंतिम मानावा, खेळ थांबवू नये, आक्षेप एकदाच आणि लेखी द्यावा, आणि त्याचा निकाल लागल्यावर विषय संपवावा, अशी शिस्त हवीच. तीच तर शिकवायची आहे. पण तिच्या बदल्यात मुलांना चार साध्या गोष्टी मिळाव्यात. खेळाडूंची नावे, इयत्ता व वयोगट सामन्याआधी सर्वांना वाचता येतील असे लावावेत. ज्या शाळेचा सामना, त्या शाळेचा शिक्षक पंच नसावा. आक्षेपाच्या कागदावर संघनायकाचीही सही असावी. आणि उद्घाटनाची शपथ मुलांबरोबर शिक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनीही घ्यावी. यांतल्या एकाही गोष्टीला नवे अनुदान लागत नाही.

साक्रीपासून फार लांब नसलेल्या अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते आणि तेथील वसतिगृहही सांभाळत होते. मुलांना नीटनेटकेपणाचे व्याख्यान देण्याऐवजी ते त्यांच्या खोल्या स्वतः आवरीत, ही आठवण खानदेशात आजही सांगितली जाते. तिच्यातला हळवेपणा बाजूला ठेवला तरी पद्धत शिल्लक राहते : जे मुलांकडून हवे ते आधी मोठ्यांनी करायचे. दम चोरला नाही, असे पंधरा वर्षांच्या मुलाने आपणहून सांगावे अशी आपली इच्छा असेल, तर पटावरचे नाव चोरलेले नाही, हे आपल्याला तितक्याच मोकळेपणाने सांगता आले पाहिजे. ते सांगता येईपर्यंत खिलाडूवृत्तीवरचे भाषण आवरते घ्यावे, आणि अर्जावर सही करण्याआधी अर्ज एकदा वाचावा.