लाड पुरे, पाम जगू दे!

गिरगावची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली आणि आजी तिच्या रॅफिस पामसकट माझ्या लालबागच्या फ्लॅटवर राहायला आली. चाळीच्या गॅलरीत मजेत असलेला पाम इथे आठ महिन्यांत एक पान काढेना. आजीही गप्पगप्पच. मला टेन्शन! मग रोज पाणी, दर रविवारी खत, थेट उन्हाची खिडकी. पानांची टोकं करपली, माती आंबली.

बॉस, रॅफिस मुळातच संथ. १८६२ साली सुरू झालेली भायखळ्याची राणीची बाग आठवा : वर मोठी झाडं, खाली गार सावली. त्याला तेच आवडतं. वरची इंचभर माती सुकल्यावरच पाणी. खत जेमतेम, कारण जास्त झालं की क्षार साचून टोकं तपकिरी होतात. मोठ्या कुंडीची घाई नको. ओल राहून मुळं कुजतात. आणि शेंडा कधीच छाटू नका. रॅफिसच्या दांड्याला वाढीचा कोंब एकच, तोही टोकाला. तो गेला की तो दांडा संपला. नवे दांडे येतात ते मुळाशी.

कुंडी खिडकीपासून चार फूट मागे घेतली, एसीचा झोत चुकवून. दोन महिने काहीच नाही. परवा आजीने चष्मा लावून मातीत पाहिलं. मुळाशी हिरवी सुई!

"आता तू हात लावू नकोस हं," आजी म्हणाली, आणि खुर्ची ओढून तिथेच बसली.