सायंकाळ कुणाच्या स्वाधीन?

पुणे-सोलापूर महामार्गावर हडपसर मागे टाकले की काही अंतरावर लोणी काळभोर लागते. हवेली तालुक्यातील हे गाव आज केवळ गाव राहिलेले नाही आणि पुरते शहरही झालेले नाही. एकीकडे उसाचे मळे, तर दुसरीकडे राजबागेच्या परिसरात उभे राहिलेले विद्यापीठ, इंधन कंपन्यांचे डेपो आणि रस्त्याच्या दुतर्फा उंच होत गेलेल्या गृहनिर्माण सोसायट्या. येथील पोलीस ठाणे २०२१ मध्ये पुणे शहर आयुक्तालयास जोडले गेले. शहराची वेस अशी गावापर्यंत येऊन पोहोचली आणि तिच्याबरोबर शहराचे वेळापत्रकही येऊन पोहोचले. या वेळापत्रकाचा सर्वात मोठा भार कुणावर पडला असेल, तर तो आठ ते चौदा वर्षांच्या मुलांवर आणि त्यांच्या नोकरदार आईवडिलांवर.

सायंकाळी पाच ते आठ हे तीन तास अशा घरातील सर्वाधिक धकाधकीचे. शाळा सुटलेली असते. आई हडपसरच्या कार्यालयातून निघण्याच्या तयारीत असते, वडील कारखान्याच्या पाळीत किंवा महामार्गावरील कोंडीत अडकलेले असतात. नेमक्या याच वेळात सोमवारी तबला, मंगळवारी कराटे, बुधवारी अबॅकस, गुरुवारी पुन्हा तबला, शनिवारी चित्रकला आणि रविवारी सकाळी पोहणे असा आठवडा आखलेला असतो. मुलाला कुणी सोडायचे, कुणी आणायचे, कुणाच्या घरी थांबवायचे, हे रोज नव्याने ठरते. शेजारच्या आजी, व्हॅनवाले काका आणि भ्रमणध्वनीवरील पालकांचा गट यांच्या आधारे हा गाडा चालतो. एखाद्या दिवशी आजींचे गुडघे दुखले किंवा व्हॅन बंद पडली की सारी घडी विस्कटते. रात्री नऊला जेवताना मुलाला झोप अनावर होते आणि गृहपाठाची वही तेव्हा कोठे दप्तरातून बाहेर पडते.

हा सारा खटाटोप आईवडील हौसेपोटी करतात, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. आपल्याला जे मिळाले नाही ते मुलांना मिळावे, ही इच्छा त्यामागे आहे. मूल घरी एकटे राहिले तर दूरचित्रवाणी आणि भ्रमणध्वनी यांच्याच संगतीत राहील, ही भीतीही आहे, आणि ती खोटी नाही. अनेक घरांत छंदवर्ग हे खरे तर मोठ्या मुलांचे पाळणाघरच झाले आहे. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या सुधारणेने ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. तान्ह्या बाळाचा विचार कायद्याने केला. परंतु शाळा सुटल्यापासून आईवडील घरी येईपर्यंत दहा वर्षांच्या मुलाने कोठे राहावे, याचा विचार कुणीच केला नाही. ती पोकळी बाजाराने भरून काढली.

दोष आईचा नव्हे

या विषयावरील चर्चा बहुधा एका ठरावीक वळणावर येऊन थांबते. ‘आई घराबाहेर पडली आणि संस्कार संपले’ असे एक वाक्य व्यासपीठावरून टाकले जाते आणि श्रोत्यांतील वडीलधारी मंडळी माना डोलावतात. इतके सोपे उत्तर सहसा खरे नसते. लोणी काळभोरच्या शिवारातील स्त्री पिढ्यान्‌पिढ्या उन्हातान्हात राबतच आलेली आहे. राजमाता जिजाऊंनी पुण्याच्या जहागिरीचा कारभार पाहत शिवरायांना घडविले. वंदनीय मावशी लक्ष्मीबाई केळकर यांना अकाली वैधव्य आले. मुलांचा सांभाळ करीत असतानाच त्यांनी १९३६ च्या विजयादशमीला वर्ध्यात राष्ट्र सेविका समितीची स्थापना केली. काम करणारी आई ही या समाजाला नवी नाही.

नवी आहे ती दुसरीच गोष्ट. पूर्वी आई शेतात असे तेव्हा मूल हाकेच्या अंतरावर असे आणि ती दूर असली तरी आळी जवळ असे. तालमीत वस्ताद असत, देवळात भजनाला बसणारे बुवा असत, पारावर म्हातारी माणसे असत. मूल कुठे आहे, हे एका घराला ठाऊक नसले तरी दहा घरांना ठाऊक असे. पखवाजाचा पहिला ठेका, लेझमीचा पहिला हात, विहिरीतला पहिला सूर या गोष्टी शुल्क भरून मिळत नव्हत्या. मोठ्यांच्या मागे लागून त्या मिळत. त्या व्यवस्थेत उणिवा होत्याच. मुलींना तालमीचे दार बंद होते आणि गावातील प्रत्येक जातीच्या मुलाला देवळाच्या ओट्यावर सारखी जागा नव्हती. त्या उणिवा दूर करून ती व्यवस्था नव्याने उभारायला हवी होती. प्रत्यक्षात उणिवांबरोबर व्यवस्थाही गेली. जे समाज मिळून करीत होता, ते आज प्रत्येक कुटुंब एकेकट्याने विकत घेत आहे. आईवडिलांची दमछाक होते तिचे मूळ येथे आहे.

छंदाची गुणपत्रिका

छंदवर्ग चालविणारे शिक्षक प्रामाणिकपणे आपली कला शिकवीत असतात. त्यांना दूषणे देण्याचे कारण नाही. तबला, गायन किंवा मल्लखांब यांना गुरू लागतोच. पेशवाईच्या उत्तरकाळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे चैतन्य दिले आणि त्यांच्यापासून पुढे शिष्यपरंपरा चालत आली. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय काढले, ते संगीत सामान्य घरांपर्यंत पोहोचावे म्हणून. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या पायऱ्यांमुळे शिक्षणाला शिस्त आली, हे या परंपरेचे मोठेच ऋण आहे.

तथापि पायरी हे साधन असते, हे विसरले की छंदाचाही अभ्यासक्रम होतो. महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेत शास्त्रीय कला, लोककला, चित्रकला आणि क्रीडा यांतील प्रावीण्यासाठी वाढीव गुण देण्याची पद्धत सुरू झाली. कलेला शाळेत मान मिळावा, हा तिचा हेतू स्तुत्य होता. अनेक घरांत तिचा अर्थ मात्र वेगळा लावला गेला. ‘एलिमेंटरी झाली, आता इंटरमिजिएट उरकून टाकू,’ या वाक्यातील ‘उरकून टाकू’ हे क्रियापद पुरेसे बोलके आहे. गुण पदरात पडले की रंगपेटी माळ्यावर जाते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने अभ्यास आणि अभ्यासेतर यांच्यातील भिंत काढून टाकण्याचा विचार मांडला, सहावी ते आठवीच्या मुलांसाठी वर्षातून दहा दिवस दप्तराविना शाळेची कल्पना पुढे ठेवली. धोरण भिंत पाडू पाहते आहे; पालकांच्या मनातील भिंत मात्र अजून जागच्या जागी आहे.

याहून गंभीर बाब शुल्काची आहे. सोसायटीतील मूल महिन्याला काही हजार रुपये मोजून स्केटिंग शिकते. त्याच सोसायटीच्या बांधकामावर आलेल्या मजुराचे किंवा तेथे धुणीभांडी करणाऱ्या ताईंचे मूल फाटकाबाहेरून ते पाहत राहते. एकाच गावात, एकाच वयाची ही दोन मुले एकमेकांचे नावही न जाणता वाढतात. समरसतेवर व्याख्याने देणाऱ्या समाजाने या फाटकाकडे एकदा थांबून पाहिले पाहिजे. वेगवेगळ्या घरांतील मुलांना एकत्र आणणारे मैदान हरवले, तर पुढे कोणत्याही मेळाव्याने ती उणीव भरून येणार नाही.

संस्था कुणी उभारल्या?

याबाबतीत पुणे आणि महाराष्ट्र यांच्या पदरी काही कमी पुंजी नाही. कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ मध्ये पुण्यात महाराष्ट्रीय मंडळ स्थापन केले आणि व्यायामाला शिक्षणाची प्रतिष्ठा मिळवून दिली. १९२५ च्या विजयादशमीला नागपुरात डॉ. हेडगेवारांनी संघकार्याचा आरंभ केला. पुढे मोहिते वाड्याच्या मैदानावर जमू लागलेल्यांत शाळकरी मुले मोठ्या संख्येने होती. १९६२ मध्ये आप्पा पेंडसे यांनी पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. या कार्यांची थोरवी पुष्कळदा सांगितली जाते. पण ती चालविली कुणी, याकडे फारसे लक्ष जात नाही. दिवसभर शाळेत शिकवून, कचेरीत खर्डेघाशी करून, दुकानाचा हिशेब मिटवून सायंकाळी मैदानावर येणाऱ्या माणसांनी ती चालविली. तेही नोकरदार पालकच होते. वेळ त्यांच्यापाशीही नव्हता. त्यांनी तो वाटून घेतला होता.

आज त्याच परंपरेचा वारसा सांगणाऱ्या घरांत काय चालले आहे? सायं शाखेची आणि मुलाच्या क्लासची वेळ एकच आली, तर शाखा मागे पडते. ‘शुल्क भरले आहे, क्लास बुडवता येत नाही,’ हे कारण कार्यकर्त्याच्या घरातही ऐकू येते. जे विनामूल्य आहे ते बुडवता येते आणि जे विकत घेतले आहे ते बुडवता येत नाही, असा हिशेब एकदा मनात रुजला की सामाजिक कामाची किंमत मुलाला निराळी समजावून सांगावी लागत नाही. ती त्याला बरोबर कळलेली असते. अर्थात याची दुसरी बाजूही आहे. शाखेत किंवा बालवर्गात मुलाला रोज नवे काही मिळत नसेल, शिक्षक वेळेवर येत नसेल, खेळ तेच ते असतील, तर पालकांना दोष देऊन भागणार नाही. शताब्दीच्या निमित्ताने संघाने समाजापुढे ठेवलेल्या पंचपरिवर्तनात कुटुंब प्रबोधनाचा समावेश आहे. त्याचा प्रारंभ या दोन्ही बाजूंच्या प्रामाणिक तपासणीने झाला पाहिजे.

बाहेरचे देशही या प्रश्नाशी झगडत आहेत. जपानमध्ये शाळा सुटल्यावर त्याच आवारात खेळ आणि कला यांची मंडळे भरतात, त्यामुळे मुलांना गावभर फिरावे लागत नाही. त्याचा भार शिक्षकांना असह्य होऊ लागल्यावर २०२३ पासून सुटीच्या दिवसांतील मंडळे स्थानिक समाजाकडे सोपविण्याचे काम तेथे सुरू झाले. आइसलँडची राजधानी रेक्याविक येथे प्रत्येक मुलाच्या खेळ-छंदासाठी नगरपालिका वार्षिक रक्कम देते; मजुराचे मूल त्यामुळे वगळले जात नाही. दक्षिण कोरियातील सोल शहरात तर खासगी शिकवण्या रात्री दहानंतर चालू ठेवण्यास बंदी घालावी लागली. एक देश समाजाकडे वळतो, दुसरा तिजोरी उघडतो, तिसऱ्याला कायद्याचा बडगा उगारावा लागतो. मुलाची सायंकाळ हा केवळ त्याच्या आईवडिलांचा खासगी प्रश्न नव्हे, एवढे मात्र तिन्ही ठिकाणी मान्य झाले आहे.

पालखीच्या गावाला काय अवघड?

लोणी काळभोरला याचे उदाहरण शोधायला जपानला जाण्याची आवश्यकता नाही. दरवर्षी जगद्‌गुरू संत तुकाराम महाराजांची पालखी पुणे सोडल्यावर येथे मुक्कामी येते. एका रात्रीत हजारो वारकऱ्यांचे जेवण, पाणी, निवारा यांची सोय होते. हे कुणा एका घराच्या कुवतीचे काम नव्हे. कुणी पिठले-भाकरी करते, कुणी पाण्याची सोय पाहते, कुणी अंगण मोकळे करून देते. नोकरी त्या दिवशीही असते, तरी काम होते. कारण ते वाटलेले असते.

हीच रीत सायंकाळच्या दोन तासांना का लावू नये? शाळा सुटल्यावर शाळेचे मैदान मोकळे असते. देवळाचा सभामंडप आणि सोसायटीचे सभागृह आठवड्यातील बहुतेक दिवस कुलूपबंद असते. निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, उत्तम गळा असलेल्या आजी प्रत्येक वस्तीत आहेत. दहा-बारा कुटुंबांनी एकत्र येऊन आठवड्याचे वार वाटून घेतले, तर प्रत्येक घरावर एका सायंकाळचा भार पडेल आणि चार सायंकाळी मोकळ्या होतील. प्रत्येक वेळी दोन जबाबदार प्रौढ हजर असावेत, मूल कुणाबरोबर घरी गेले याची नोंद असावी. विश्वासालाही शिस्त लागते. वडिलांचा वार वडिलांनीच पाळावा, तो आईच्या वाट्याला सरकवू नये. तबल्याचा गुरू आठवड्यातून एकदा वस्तीतच बोलवावा, त्याला त्याची बिदागी सन्मानाने द्यावी आणि ज्याला वाटा देणे शक्य नाही त्याच्या मुलाचा वाटा इतरांनी उचलावा. मैदानाचे फाटक सर्वांना उघडे राहावे, एवढी एक अट मात्र सुटू नये.

घरातही काही पथ्ये पाळता येतील. एका वेळी एकच कला, तीही मुलाच्या आवडीने निवडलेली, पुरेशी आहे. निवडल्यावर वर्षभर ती टाकू नये. वर्षानंतरही मन रमत नसेल तर सोडण्याची मुभा असावी. आठवड्यातून दोन सायंकाळी पूर्ण रिकाम्या ठेवाव्यात. रिकाम्या वेळेत मूल कंटाळते आणि त्या कंटाळ्यातूनच ते स्वतःचा खेळ शोधते.

मुलांसाठी पैसा खर्च करणारी पिढी त्यांच्यावर प्रेम करीत नाही, असे कुणीही म्हणणार नाही. परंतु क्लासच्या दाराशी उतरवून घेतलेले मूल आणि समाजाच्या अंगणात वाढलेले मूल यांत अंतर राहतेच. पहिल्याला कौशल्य येते. दुसऱ्याला कौशल्याबरोबर माणसे मिळतात. उद्या आईवडील थकतील तेव्हा त्या माणसांची गरज पदकांहून अधिक भासेल. लोणी काळभोरच्या एखाद्या वस्तीने येत्या विजयादशमीला एका मैदानाचे कुलूप उघडले आणि वारांची एक यादी भिंतीवर लावली, तरी सीमोल्लंघन झाले असे म्हणता येईल.