आरशातला एक गिअर आणि आपल्या माथी मारलेली 'असेंब्ली'

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या दारात दहा-बारा वर्षांची चारचाकी उभी आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा. आज ना उद्या ही वेळ तुमच्यावर येणार आहे.

गेल्या महिन्यात महाद्वार रोडच्या गर्दीत माझ्या 2012 च्या गाडीच्या डाव्या आरशाला एका दुचाकीचं हँडल लागलं. काच शाबूत, कव्हर शाबूत. पण तेव्हापासून मिटायचं बटण दाबलं की आतून नुसता घर्र आवाज यायचा आणि आरसा जागचा हलायचा नाही. वर तो सैलही पडला. हायवेला वेग वाढला की वाऱ्याने मागे सरकायचा. म्हणजे डावीकडून कोण येतंय ते दिसायचंच बंद.

अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथल्या पोराने बटण दोनदा दाबून बघितलं आणि एस्टिमेट हातात दिलं: 17,800 रुपये, फिटिंग वेगळं. मी विचारलं, आत नेमकं काय गेलंय? "सर, आम्ही उघडत नाही. असेंब्लीच येते." बरं, आतली मोटर किंवा गिअर सुटा? "पार्ट नंबरच नाही सर." त्या पोराचा यात काही दोष नाही. त्याच्या कॉम्प्युटरवर जेवढं दिसतं तेवढंच तो बोलणार.

तिथून थेट शिवाजी उद्यमनगर गाठलं. ओळखीच्या वायरिंगवाल्या मामांनी दाराचं पॅड काढलं, आरसा उतरवला, टेबलावर उघडला आणि म्हणाले, "काय झालं नाही ओ. गिअरचं दातं गेल्यात."

आत असतं तरी काय? 12 व्होल्टची एक छोटी मोटर, तिच्या दांड्यावर वर्म, त्यातून फिरणारे दोन-तीन प्लॅस्टिकचे गिअर, आणि आरसा उघड्या जागेवर घट्ट धरून ठेवणारी एक दणकट स्प्रिंग. बास. उन्हात आणि पावसात ग्रीस सुकतं, प्लॅस्टिक ठिसूळ होतं, आणि बाहेरून धक्का बसला की दाते तुटतात. मग मोटर फिरते पण आरसा फिरत नाही. काही गाड्यांत तर गिअरही ठीक असतो, फक्त दाराच्या बिजागरीपाशी रबरी नळीतून जाणारी वायर हजारदा वाकून आतून तुटलेली असते. ते काम फार तर अर्ध्या तासाचं.

माझ्या आरशातला गिअर शेजारच्या गिअर कटिंगवाल्याने पितळेत करून दिला. पहिला घट्ट बसला, दुसऱ्या फेरीला जमला. तीन दिवस, दोन हेलपाटे, सगळे मिळून 1,350 रुपये. आरसा आज घट्ट आहे आणि बटणावर मिटतोय.

आता मुद्द्यावर येतो. 17,800 आणि 1,350 मधला फरक कौशल्याचा नाही. तो फरक एका निर्णयाचा आहे: आतला भाग सुटा विकायचा नाही, त्याला नंबर द्यायचा नाही, आणि गिऱ्हाइकापुढे अख्खा आरसा घेण्यावाचून दुसरा रस्ताच ठेवायचा नाही. कार बनवणाऱ्या कंपनीलाही ही मोटर आणि हे गिअर कुणीतरी सुटे बनवूनच देतो. कारखान्यात सुटा असलेला भाग आपल्यापर्यंत येताना 'असेंब्ली' कसा होतो?

हे नवीन नाही. 25 ऑगस्ट 2014 रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कारण हेच: सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं खुल्या बाजारात येऊ न देणं. सुटे भाग उपलब्ध करा, त्यांच्या किमती वेबसाइटवर टाका, बाहेरच्या मेकॅनिककडे गाडी दाखवली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही आयोगाने सांगितलं होतं. प्रकरण अपिलात गेलं. 24 डिसेंबर 2022 ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. त्यात वाहनंही आहेत. चांगली गोष्ट आहे. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. तिथे माहिती द्या असं म्हणता येतं, सुटा गिअर विका असं बजावता येत नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात 2012 साली गाडी दुरुस्तीच्या हक्कावर लोकांनी थेट मतदान करून कौल दिला. आपल्याकडे अजून विधेयकाचा पत्ता नाही.

उलट जुन्या गाडीवाल्याच्या खिशात हात घालायला सरकारला उशीर होत नाही. 15 वर्षांनंतर कारच्या पुनर्नोंदणीची फी 1 एप्रिल 2022 पासून 600 वरून थेट 5,000 झाली. जुनी गाडी धोकादायक म्हणायची, आणि ती सुरक्षित ठेवायला लागणारा भाग मिळतो का याची चौकशीही करायची नाही! 22 सप्टेंबर 2025 पासून वाहनांच्या सुट्या भागांवर जीएसटी 18 टक्के झाला, आधी बऱ्याच भागांवर 28 होता. स्वागत आहे. पण जो भाग सुटा विकतच नाहीत, त्यावर कर कमी करून माझा काय फायदा?

कंपन्यांच्या बाजूने बोलणारे दोन गोष्टी सांगतात. पहिली, आरसा हा सुरक्षेचा भाग आहे, वाटेल त्याने उघडू नये. एअरबॅगबद्दल हे म्हणा, मी मान डोलवीन. पण आरशाच्या गिअरमध्ये कसली गुप्त विद्या आहे? आणि सुरक्षेचीच काळजी असेल तर मूळ मापाचा गिअर विका ना. 17,800 परवडत नाहीत म्हणून किती गाड्या आरसा दोरीने, टेपने बांधून फिरतायत ते तावडे हॉटेलपाशी दहा मिनिटं उभं राहून मोजा. ते सुरक्षित आहे का?

दुसरी गोष्ट, प्लॅस्टिकचा गिअर मुद्दाम कच्चा असतो, म्हणजे धक्का बसला तर तो तुटतो आणि मोटर वाचते. असेल, मान्य. मग तो फ्यूजसारखा विका. फ्यूज उडाला म्हणून कुणी घराचं वायरिंग बदलतं का?

यात आपल्या शहराचं दुखणं वेगळं आहे. ज्या कोल्हापूरने ऑइल इंजिनं बनवली, ज्या उद्यमनगरात नमुना दाखवला की पार्ट तयार होतो, तिथली पोरं आज आयटीआय करून सर्व्हिस सेंटरला लागतात आणि त्यांना शिकवतात काय? जुनं काढा, खोक्यातलं नवीन बसवा. उघडून बघायचं नाही. मामांच्या हाताखाली आज एकही शिकाऊ पोरगा नाही. अजून दहा वर्षांनी आरसा उघडणारा माणूसच नसेल, आणि मग 17,800 ची किंमत कंपनी म्हणेल ती असेल.

आपणही कमी नाही. इन्शुरन्समधून होतंय ना, मग बदलून टाक, असं म्हणणारे आपणच. त्या क्लेममुळे आपला नो-क्लेम बोनस जातो ते नंतर लक्षात येतं.

म्हणून एवढं करा. एस्टिमेट घेताना जॉबकार्डवर 'कोणता आतला भाग नादुरुस्त' हे लिहून मागा. सुटा भाग मिळत नाही असं म्हणाले तर तेही लेखी मागा. मग तो कागद घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवा. बदललेला जुना आरसा तुमचा आहे, तो घरी आणा. आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारा: दुरुस्तीच्या हक्काचा कायदा कधी आणणार?

तुमच्या गाडीत असंच काही झालं असेल तर कमेंटमध्ये भाग, एस्टिमेट आणि बाहेर झालेला खर्च एवढंच लिहा. शंभर नोंदी जमल्या की मी त्या एकत्र करून आपल्या खासदारांना नेऊन देणार आहे.